शिल्प फुटले, शाळा उरली

मार्च महिना आला की आमच्या समाजाची पावले महाडकडे वळतात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता. तळे सार्वजनिक आहे, मग त्यावर आमचा हक्क का नाही, हा तो प्रश्न होता. त्यानंतर सहाच दिवसांनी, २६ मार्चला, आणखी एक स्मृतिदिन येतो. तो आमच्या कॅलेंडरांवर छापलेला नसतो. १९६२ साली या दिवशी न्यूयॉर्कमध्ये एका कृष्णवर्णीय शिल्पकार स्त्रीने जगाचा निरोप घेतला. तिचे नाव ऑगस्टा सॅव्हेज. या बाईंनीही आयुष्यभर एकच प्रश्न विचारला. कला सार्वजनिक आहे, तिच्यावर खर्च होणारा सरकारी पैसा सार्वजनिक आहे, मग त्यावर आमच्या वस्तीतल्या पोरांचा हक्क का नाही?

आज त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारण आमच्या घराजवळचे आहे. आमच्या वस्त्यांमध्ये कलापथके निघतात आणि बंद पडतात. एप्रिलमध्ये ढोलकी बाहेर येते, पावसाळ्यात ती माळ्यावर जाते. एखादा शाहीर उमेदीने पोरे जमवतो, दोन वर्षे गाणी बसवतो, मग त्याची नोकरी जाते किंवा तब्येत ढासळते आणि पथक संपते. त्याच्या गाण्यांची वही त्याच्या मागे कुठे जाते, हे कोणी विचारत नाही. आमच्याच वस्तीतल्या एका पथकाची वही आम्ही स्वतः रद्दीच्या गठ्ठ्यातून बाहेर काढली आहे. ती अर्धी वाळवीने खाल्ली होती. वस्तीतली कलासंस्था कशी उभी राहते, कशामुळे टिकते आणि कशामुळे मोडते, हे समजून घ्यायचे असेल तर ऑगस्टा सॅव्हेज यांचे आयुष्य वाचायला हवे.

ऑगस्टा क्रिस्टीन फेल्स हिचा जन्म २९ फेब्रुवारी १८९२ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावी झाला. चौदा भावंडांत ती सातवी. गुलामगिरी कायद्याने संपून सत्तावीस वर्षे झाली होती, परंतु दक्षिणेतील राज्यांमध्ये काळ्यांची शाळा वेगळी, वस्ती वेगळी आणि गाडीतली जागाही वेगळी, असाच कारभार होता. गावाच्या परिसरात लाल चिकणमाती भरपूर. विटांचा धंदा त्या मातीवर चाले. ही पोर त्या मातीची बदके आणि इतर प्राणी करीत बसे. तिचे वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. मूर्ती घडवणे हे बायबलच्या आज्ञेविरुद्ध आहे, असे त्यांचे मत. त्यामुळे मातीत हात घातला की मार ठरलेला. आठवड्यातून अनेकदा तिला हा मार खावा लागे. माणसाची प्रतिभा मारायला प्रत्येक वेळी परका शत्रूच लागतो असे नाही. धर्माच्या नावावर घरचे माणूसही ते काम करते. आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

वयाच्या पंधराव्या वर्षी, १९०७ साली, तिचे लग्न झाले. पुढच्या वर्षी मुलगी झाली आणि थोड्याच काळात नवरा वारला. १९१५ च्या सुमारास फेल्स कुटुंब वेस्ट पाम बीच येथे राहायला गेले. तेथे चिकणमातीच नव्हती. काही वर्षे तिचा हात थांबला. मग एका स्थानिक कुंभाराकडून तिने माती मिळवली आणि पुन्हा काम सुरू केले. या काळात तिने घडवलेली मेरीमातेची मूर्ती पाहून वडिलांचे मन पालटले. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर तिला मूर्तिकाम शिकवण्याचे काम दिले, रोजचा एक डॉलर मजुरी ठरवून. स्वतः अजून विद्यार्थिनी असलेली ही मुलगी शिक्षिका झाली ती तेव्हापासून. १९१९ साली जिल्ह्याच्या जत्रेत तिच्या मूर्तींना पंचवीस डॉलरचे बक्षीस मिळाले. जत्रेच्या व्यवस्थापकांनी तिला न्यूयॉर्कला जाऊन शिकण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या लग्नातून तिला सॅव्हेज हे आडनाव मिळाले. ते लग्न टिकले नाही, नाव मात्र टिकले.

१९२१ साली ऑगस्टा सॅव्हेज न्यूयॉर्कला पोहोचल्या तेव्हा त्यांच्याजवळ चार डॉलर साठ सेंट होते, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. ज्या शिल्पकाराच्या नावे त्यांनी ओळखपत्र आणले होते, त्याची फी श्रीमंतांच्या मुलींनाच परवडणारी होती. त्याने त्यांना कूपर युनियन या संस्थेकडे पाठवले. तेथे शिक्षण मोफत होते. शंभराहून अधिक उमेदवार प्रतीक्षेत असताना त्यांचे काम पाहून त्यांना प्रवेश मिळाला आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पुरा केला. मध्येच पोटापाण्याचे काम सुटले, तेव्हा संस्थेने राहण्या-जेवण्याच्या खर्चाची सोय केली. फी माफ असली तरी पोट माफ होत नाही, हे त्या संस्थेला कळत होते. शिष्यवृत्तीचे मोल आम्हाला कोणी शिकवायला नको. बडोद्याची शिष्यवृत्ती नसती तर बाबासाहेबांनाही कोलंबिया विद्यापीठ दिसले नसते.

त्यांनी जेथे बिऱ्हाड केले ती हार्लेम ही काळ्या माणसांची वस्ती कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्या विद्यापीठात शिकत होते. ते तेथून निघाल्यावर पाच वर्षांनी ऑगस्टा हार्लेममध्ये आल्या. दोघांची भेट होण्याचा प्रश्न नाही. परंतु ज्या माणसाचा अर्धपुतळा ऑगस्टा यांनी हार्लेमच्या १३५ व्या रस्त्यावरील ग्रंथालयासाठी घडवला, त्या विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. काळ्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडणाऱ्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. पुढे १९७२ साली आमच्या तरुणांनी पँथर हे नावही तिकडूनच घेतले. म्हणून ही गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही.

१९२३ साली फ्रान्समधील फॉन्तेनब्लो येथे उन्हाळी कलाशाळा भरणार होती. तिच्यासाठी शंभर अमेरिकन तरुणींची निवड व्हायची होती. ऑगस्टा यांनी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. कामात खोट नव्हती. दक्षिणेकडच्या गोऱ्या मुलींना काळ्या मुलीबरोबर प्रवास करणे आणि राहणे अवघड वाटेल, हे कारण होते. म्हणजे विटाळच! शब्द वेगळा, समुद्र वेगळा, रोग तोच. आमच्याकडे त्याच १९२३ साली मुंबईच्या कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची घोषणा झाली. ठराव कागदावर राहिला म्हणून महाड घडले.

ऑगस्टा गप्प बसल्या नाहीत. त्यांनी हे प्रकरण वर्तमानपत्रांत नेले. आपल्यानंतर येणाऱ्या मुलामुलींची वाट या नकाराने बंद होईल, ही त्यांची भूमिका होती. ड्यू बॉइस यांनी आवाज उठवला. कोलंबियातील मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनीही निषेध केला. निवड समिती हलली नाही. तिच्यातील हर्मन मॅकनील या एकट्या शिल्पकाराला लाज वाटली आणि त्याने त्यांना आपल्याकडे शिकायला बोलावले. परंतु भांडखोर बाई हा शिक्का कपाळावर बसला तो बसलाच. कलेच्या बाजारात दारे उघडणारे आणि बंद करणारे हात मोजकेच असतात, आणि ते एकमेकांना ओळखतात.

पुढची सहा वर्षे म्हणजे नुसती ओढाताण. मार्कस गार्वी यांच्या चळवळीतील नेते रॉबर्ट पोस्टन यांच्याशी १९२३ मध्ये त्यांचे लग्न झाले. पोस्टन लायबेरियाहून परतताना १९२४ मध्ये बोटीवरच वारले. १९२५ साली ड्यू बॉइस यांच्या प्रयत्नाने रोमच्या कला अकादमीत शिकण्याची शिष्यवृत्ती मिळाली, पण ती फीपुरती होती. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोठून आणणार? त्या लाँड्रीत कपडे धुण्याच्या कामाला जात होत्या. वडिलांना अर्धांगवायू झाला. घरची माणसे फ्लोरिडाहून येऊन त्यांच्या लहानशा घरात राहिली. रोम राहून गेले. अर्धी शिष्यवृत्ती ही अनेकदा पूर्ण नकारापेक्षा क्रूर असते. दार उघडे आहे असे जगाला सांगता येते आणि आत मात्र कोणी येत नाही.

१९२९ च्या सुमारास त्यांनी एका हार्लेमच्या पोराचे मस्तक घडवले. डोक्यावर तिरकी टोपी, नजरेत वयापेक्षा जास्त समज. भाच्याला समोर बसवून हे शिल्प केले असे सांगितले जाते. ‘गामँ’ हे त्याचे नाव. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ रस्त्यावरचे पोर. काळ्या माणसाचे चित्र म्हणजे जाड ओठांचे विनोदी सोंग, अशी गोऱ्या समाजाची सवय होती. त्या सवयीला या एका मस्तकाने उत्तर दिले. त्याच्या बळावर रोझेनवाल्ड फंडाची शिष्यवृत्ती मिळाली आणि सहा वर्षांपूर्वी ज्या फ्रान्सचे दार बंद झाले होते तेथे त्या पोहोचल्या. पॅरिसमध्ये शिकल्या, तेथील प्रदर्शनांत त्यांचे काम लागले.

त्या परतल्या तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. हार्लेममध्ये तर कामावरून काढताना पहिला आणि कामावर घेताना शेवटचा, अशी काळ्या कामगाराची गत होती. शिल्प विकत घेणार कोण? अशा वेळी पॅरिस पाहून आलेल्या कलावंताने काय करावे? गोऱ्यांच्या भागात एखादा आश्रयदाता शोधावा आणि आपले नाव सांभाळावे, हा एक रस्ता होता. ऑगस्टा यांनी दुसरा रस्ता धरला. १९३२ साली हार्लेममधील पश्चिम १४३ व्या रस्त्यावर एका तळघरात त्यांनी सॅव्हेज स्टुडिओ ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स नावाची शाळा उघडली. शिकायची इच्छा हीच तेथे प्रवेशाची पात्रता होती. पुढे कार्नेगी कॉर्पोरेशनचे अनुदान मिळाले आणि मुलांना मोफत शिकवणे शक्य झाले.

या तळघरात कोण आले? नॉर्मन लुईस आले, पुढे ते अमूर्त चित्रकलेतील मोठे नाव झाले. ग्वेंडोलिन नाइट आणि विल्यम आर्टिस आले. केनेथ क्लार्क नावाचा तरुणही आला. तो कलावंत झाला नाही, मानसशास्त्रज्ञ झाला. त्याने आणि त्याची पत्नी मेमी यांनी काळ्या मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून केलेला अभ्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील १९५४ च्या ब्राऊन खटल्यात उपयोगी पडला. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या त्या या खटल्यात. वस्तीतल्या कलाशाळेतून फक्त चित्रकार निघतात, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अशा शाळेत मूल स्वतःकडे सरळ नजरेने पाहायला शिकते. पुढे ते कोठे जाईल हे त्याचे ते ठरवते.

आणि जेकब लॉरेन्स. लहान वयात हार्लेममध्ये आलेला, मंदीत शाळा सुटलेला हा मुलगा वस्तीतल्या कलावर्गांमध्ये वाढला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकारांसाठी वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन ही रोजगार योजना १९३५ मध्ये सुरू केली होती. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखेच तिचे तत्त्व. फरक एवढा की खडी फोडण्याबरोबरच चित्र काढणे, नाटक करणे हेही तेथे काम मानले गेले. ऑगस्टा लॉरेन्सला हाताला धरून त्या कचेरीत घेऊन गेल्या. त्याचे वय एकवीस पूर्ण नव्हते म्हणून नकार मिळाला. मुलगा ही गोष्ट विसरून गेला. ऑगस्टा विसरल्या नाहीत. वर्षभराने त्यांनी त्याला पुन्हा नेले आणि आठवड्याला सुमारे चोवीस डॉलर पगारावर चित्रकार म्हणून लावून दिले. पुढे १९४०-४१ मध्ये या तरुणाने दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या काळ्यांच्या स्थलांतरावर साठ चित्रांची मालिका रंगवली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहाने ती निम्मी निम्मी विकत घेतली. त्या दुसऱ्या फेरीविना आपण कलावंत झालोच नसतो, हे लॉरेन्स यांनी पुढे मान्य केले. कार्यकर्ता कसा असावा असे कोणी विचारले तर आम्ही हा प्रसंग सांगू. पहिल्यांदा सोबत जाणारे पुष्कळ असतात. वर्षभर तारीख लक्षात ठेवून दुसऱ्यांदा सोबत जाणारा विरळा.

पण एकेका मुलाला हाताला धरून किती दिवस नेणार? ऑगस्टा यांना संघटनेचे महत्त्व कळत होते. १९३५ मध्ये चार्ल्स ऑल्स्टन आदी सहकाऱ्यांसह त्यांनी हार्लेम आर्टिस्ट्स गिल्ड ही संघटना उभारली. त्याच वर्षी मार्चमध्ये हार्लेममध्ये मोठा उद्रेक झाला होता. बेकारी, वाढलेली घरभाडी आणि पोलिसांची दंडेली यांचा तो स्फोट होता. सरकारी कलायोजनेत काळे कलावंत फारसे का नाहीत, असे विचारले की पात्र माणसे मिळत नाहीत असे उत्तर मिळे. हे उत्तर आमच्या ओळखीचे आहे. आमच्याकडे अनुशेषाच्या जागा रिकाम्या ठेवताना फाइलवर नेमका हाच शेरा मारला जातो. गिल्डने पात्र माणसांची नावे पुढे ठेवली, त्यांना कामे मिळवून दिली, देखरेखीच्या जागांवरही काळे कलावंत हवेत असा आग्रह धरला. १९३६ मध्ये हार्लेम रुग्णालयाच्या भिंतीवरील चित्रांत काळी माणसे फार दिसतात, अशी हरकत तेथील अधिकाऱ्यांनी घेतली. तेव्हाही गिल्ड रस्त्यात आडवी उभी राहिली आणि चित्रे भिंतीवर आली.

या लढ्याचे सर्वांत मोठे फळ म्हणजे हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर. १२५ वा रस्ता आणि लेनॉक्स अव्हेन्यू यांच्या चौकात डिसेंबर १९३७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट, कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ, कवी जेम्स वेल्डन जॉन्सन उपस्थित होते. ऑगस्टा सॅव्हेज पहिल्या संचालक झाल्या. शिक्षकांचे पगार सरकारी योजनेतून आणि जागा, साहित्य वगैरेंचा भार स्थानिक लोकांच्या वर्गणीतून, अशी या प्रकारच्या केंद्रांची पद्धत होती. चित्रकला, शिल्पकला, छापचित्रे, मातीची भांडी, छायाचित्रण असे वर्ग दिवसा आणि रात्री चालत. शाळकरी पोरे येत, तसे दिवसभर राबून आलेले बापेही येत. पहिल्या दीड वर्षाच्या आतच तेथील वर्गांना, व्याख्यानांना आणि प्रदर्शनांना मिळून सत्तर हजारांच्या आसपास लोकांनी हजेरी लावली. तळघरातली शाळा पाच वर्षांत चौकात आली होती.

या यशामागे जादू नव्हती. त्यात तीन गोष्टी होत्या असे आम्हाला वाटते. पहिली, संस्था वस्तीच्या आत होती आणि तिच्या दाराशी जात, फी, वय, शिक्षण यांची चाळणी नव्हती. दुसरी, शिकवणारे कलावंत त्याच समाजातले होते आणि त्यांना त्या कामाचा पगार मिळत होता. चळवळीसाठी कर असे म्हणून कलावंताला उपाशी ठेवणे ही समाजसेवा नव्हे. तिसरी, सरकारी पैसा त्यांनी दान म्हणून घेतला नाही, हक्क म्हणून भांडून घेतला आणि त्यात वस्तीचाही पैसा घातला.

तरीही ही संस्था टिकली नाही. का टिकली नाही हे या आयुष्यातील सर्वांत कडू प्रकरण आहे, आणि आम्ही ते झाकणार नाही.

१९३९ साली न्यूयॉर्कमध्ये जागतिक मेळा भरायचा होता. संगीतातील कृष्णवर्णीयांचे योगदान दाखवणारे शिल्प करण्याचे काम ऑगस्टा यांना मिळाले. अशी कामे मिळालेल्या कलावंतांत स्त्रिया मोजक्याच होत्या आणि काळी स्त्री या एकट्याच. केंद्रातून रजा घेऊन त्या कामाला लागल्या. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या, काळ्या समाजात राष्ट्रगीतासारखा मान असलेल्या गीतावरून त्यांना कल्पना सुचली. सोळा फूट उंचीचे हार्प हे तंतुवाद्य, त्याच्या तारा म्हणजे ओळीने उभे राहून गाणारी काळी मुले, त्यांना खालून आधार देणारा एक प्रचंड हात, आणि पुढे गुडघे टेकून संगीताचा कागद हाती धरलेला तरुण. लाखोंनी ते पाहिले. त्याच्या छोट्या धातूच्या प्रतिकृती आणि पोस्टकार्डे विकली गेली.

पण मूळ शिल्प प्लास्टरचे होते, वरून काळ्या दगडासारखा रंग दिलेले. ते ब्राँझमध्ये ओतून घ्यायला पैसा नव्हता. ठेवायला जागा नव्हती. मेळा संपला तेव्हा मंडपांबरोबर तेही बुलडोझरखाली गेले. ज्या समाजाच्या गाण्याचे कौतुक करायला जग जमले होते, त्या गाण्याचे शिल्प सांभाळायला एक गोदाम मिळाले नाही.

त्या केंद्रात परतल्या तेव्हा त्यांच्या संचालकपदावर दुसरी नेमणूक झालेली होती. ज्या संस्थेसाठी त्या भांडल्या तिच्यात त्यांना जागा उरली नाही. जून १९३९ मध्ये १२५ व्या रस्त्यावर त्यांनी काळ्या कलावंतांच्या कामासाठी स्वतःचे कलादालन उघडले. उद्घाटनाला पाचशेहून अधिक माणसे आली. कौतुक झाले, विक्री झाली नाही. काही महिन्यांतच दालन बंद पडले. पुढे युद्ध आले, १९४३ मध्ये सरकारी कलायोजना गुंडाळली गेली आणि तिच्यावर उभे असलेले हार्लेमचे केंद्रही त्या सुमारास संपले. पगार सरकारचा, म्हणून श्वासही सरकारचा. सरकारने हात काढला आणि श्वास थांबला.

१९४५ च्या सुमारास ऑगस्टा न्यूयॉर्क सोडून सॉगर्टीझ या गावाजवळ एका लहान शेतघरात राहायला गेल्या. कोंबड्या पाळल्या. अळंबीचे उत्पादन करणाऱ्या एका व्यावसायिकाच्या प्रयोगशाळेत काम केले. मुलांच्या उन्हाळी शिबिरांत शिकवले, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. मोठे शिल्प पुन्हा झाले नाही. आयुष्याच्या शेवटी त्या न्यूयॉर्कला परतल्या आणि २६ मार्च १९६२ रोजी कर्करोगाने वारल्या. तेव्हा त्यांचे नाव बहुतेक जग विसरले होते. त्यांची बरीच शिल्पे आज सापडत नाहीत. प्लास्टर आणि माती यांना वय नसते. ब्राँझ टिकते, पण ब्राँझला पैसा लागतो.

मग हे अपयश म्हणायचे का? स्वतः ऑगस्टा यांनी याचा विचार केला होता. आपल्या हातून कायमची टिकणारी शिल्पे झाली नसतील, परंतु आपण ज्या पोरांना हात दिला त्यांच्या कामात आपले स्मारक असेल, अशा अर्थाचे त्या बोलत. तसेच घडले. लॉरेन्स पुढे सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि त्यांनी शिकवले. नॉर्मन लुईस १९६३ मध्ये नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात स्थापन झालेल्या स्पायरल या कलावंतांच्या गटात होते. सॉगर्टीझचे त्यांचे घर २००१ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आले. २०१८ मध्ये त्यांच्याच फ्लोरिडा राज्यातील एका संग्रहालयाने त्यांची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची कामे शेजारी शेजारी मांडली आणि पुढच्या वर्षी ते प्रदर्शन न्यूयॉर्कला गेले. शिक्षिका आणि विद्यार्थी एकाच भिंतीवर! मूर्ती फुटली, शाळा उरली.

तरीही आम्ही एवढ्यावर समाधान मानायला तयार नाही. शाळा उरली हे खरे, पण शिल्पही उरायला हवे होते. बाईंचा त्याग मोठा होता असे म्हणून हार घालणे सोपे आहे. हा त्याग त्यांच्यावर लादला गेला होता, हे सांगणे अवघड आहे. कलावंत संपतो आणि समाज त्याच्या त्यागाचे गोडवे गातो, ही रीत आम्हालाही चांगली जमते. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आमच्या चळवळीला गाणाऱ्यांनी गावोगाव पोहोचवले. वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या पिढीतील किती शाहिरांची गाणी, ध्वनिफिती, फोटो आज एका छपराखाली नीट ठेवलेले आहेत? जयंतीला ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या करायला एका रात्रीत जेवढा पैसा जमतो, त्याच्या काही भागात एखाद्या वस्तीचा कलावर्ग वर्षभर चालेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्या वस्तीत बुद्धविहार आहे त्या वस्तीत जागेचा प्रश्न अर्धा सुटलेला आहे. विहाराची एक खोली संध्याकाळी मुलांच्या गाण्याला, चित्रांना, नाटकाला द्यावी. शिकवणाऱ्या शाहिराला, चित्रकाराला वर्गणीतून महिन्याचे मानधन द्यावे, उपकार म्हणून नव्हे, मजुरी म्हणून. सरकारी योजनांचा, समाजकल्याणाच्या निधीचा पैसा हक्काने मागावा, परंतु संस्थेचे भाडे आणि किल्ली आपल्या हातात ठेवावी. एक कपाट असावे आणि त्यात वह्या, ध्वनिमुद्रणे, चित्रे नोंद करून ठेवावीत. आणि एका माणसावर संस्था चालवू नये. आज जो शिकवतो त्याच्या शेजारी उद्या शिकवणारा एक जण बसलेला असावा. ऑगस्टा रजेवर गेल्या आणि त्यांची जागा गेली. आमच्याकडे शाहीर आजारी पडतो आणि पथकच जाते. दोन्ही ठिकाणी चूक व्यक्तीची नसते, रचनेची असते.

महाडला आम्ही दरवर्षी जातो, कारण तळे सर्वांचे आहे हे तेथे सिद्ध झाले. कलेचे तळेही सर्वांचे आहे. त्याच्या काठावर उभे राहून आत वाकून पाहणाऱ्या आमच्या पोराला कोणीतरी हाताला धरून पायऱ्या उतरवायला हव्यात. पहिल्या वेळी कोणी हटकले तर वर्षभराने पुन्हा घेऊन जायला हवे. येत्या २६ मार्चला ज्यांच्या वस्तीत कलापथक आहे त्यांनी त्याची जुनी वही शोधावी, धूळ झटकावी आणि ती कोणाच्या स्वाधीन करायची ते ठरवावे. ऑगस्टा सॅव्हेज यांना आमचे अभिवादन यापेक्षा वेगळे असू शकत नाही.

जय भीम!